आमेन म्हणेपर्यंत

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका मिलिटरी हॉस्पिटलात होतं. मी मूळची मुरबाडची, ख्रिस्ती घरातली; मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मेजर. सर्जिकल वॉर्ड माझ्याकडे होता. सकाळी राउंड, ड्रेसिंग, रिपोर्ट. कोणी दगावलं तर मनात छोटी प्रार्थना आणि पुढचा बेड.

एके दुपारी डोंगरात ट्रक कोसळला. जखमींत सिपाही प्रकाश होता, डोळखांबकडच्या पाड्यातला. त्याच्या पोटात रक्तस्राव होत होता. माझ्या गळ्यातला क्रूस त्यानं पाहिला.

"मॅडम, तुमी कुठल्या?"

"मुरबाड."

"म्हंजे शेजारच्याच. आनि मंडळीतल्या पन!" मग म्हणाला, "बापूस वारला तवा आई रडली नाय. इश्वासी मानसानं रडायचं नसतं, असं सांगितलं तिला. मंग कितीतरी दिवस कोनाशी बोललीच नाय. यावेळी तिला रडाया लावा."

"आधी तू गप्प पड."

"ऑर्डर?"

"ऑर्डर."

तो हसला. ऑपरेशन टेबलवरून तो परत आला नाही.

कमांडंटनी बोलावलं. "मेजर, प्रकाशच्या शवपेटीच्या एस्कॉर्टबरोबर जा. मुलूख तुमचा."

"येस सर."

पाड्यावर प्रकाशच्या घरी पोचल्यावर शवपेटी अंगणात ठेवली. एका बाजूला मंडळीची, म्हणजे चर्चची, माणसं गाणी म्हणत होती. कुडापाशी पाड्यातल्या इतर बाया होत्या. त्यांच्यात मेलेल्याचं नाव घेऊन हेल काढून रडतात.

"रड गो जना! पोटचा गेला तुजा, आनि गानी कसली?"

"देव बदलला, आता डोलं पन बदललं काय?"

प्रकाशची आई जनाबाई ताठ बसली होती. पाळक तिला म्हणाले, "बाई, प्रकाश प्रभूच्या घरी गेला. आज आभार मानायचे."

मी पाळकांना म्हटलं, "मग आभाराची प्रार्थना आईलाच करू द्या."

त्यांनी मान डोलावली. आम्ही डोळे मिटले.

"परभू, तुजं आभार. परकास दिलास मला. त्याला नाचनीची भाकर आवडायची नाय, तरी खाल्लीन त्यानं." आवाज चढत गेला, शब्द लांबत गेले. "परभू, त्याला पेज गरम लागते रे. तितं कोन देल? मला न इचारता कसा नेलास, परभू?"

तो हेलच होता. कुडापाशीच्या बायांनी ओळखला आणि त्याही सुरात सूर मिसळून रडू लागल्या. पाळकांनी थांबवायला हात वर केला आणि तसाच ठेवला. आमच्यात आमेन म्हणेपर्यंत कोणाची प्रार्थना तोडत नाहीत. जनाबाईनं बराच वेळ आमेन म्हटलं नाही.

नंतर एस्कॉर्टच्या हवालदारानं बिगुलरला खूण केली. माती पडली. मी सॅल्यूट केला.

मी आता निवृत्त आहे. दरवर्षी प्रकाश गेला त्या तारखेला मुरबाडहून त्या पाड्यावर जाते. जनाबाई गरम पेज करते, तीन वाडग्यांत वाढते आणि डोळे मिटून बोलू लागते. आमेन म्हणायला ती अजून वेळ लावते. पेज निवते. मी घाई करत नाही.