गोदू आणि काचपेटीतला दगड

पनवेलच्या बाजारात आमच्या दुकानाला लागून तुळशीरामचं देवांच्या तसबिरींना काचा बसवायचं दुकान होतं. मागच्या दोन खोल्यांत तो, त्याची आई सखूबाई आणि बायको गोदू. गोदू बेलपाड्याची, खाडीकाठची. बिळात हात घालून चिंबोरी काढणारी बाई. हसली की आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. तुळशीराम मुंबईचं मत्स्यालय बघून आला आणि त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. दुकानातल्याच काचा लोखंडी पट्ट्यांत बसवून त्याने पेटी केली. हवा सोडायला लॉरीची जुनी ट्यूब आणि बारीक नळी. शिमगा झाल्यावर करंजा बंदरावरच्या दयाराम कोळ्याने डब्यांतून समुद्राचं पाणी आणलं, बोटाएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे आणले आणि खडकाचा एक भला मोठा तुकडा.

“दगड जिता हाय,” दयाराम म्हणाला. “सुकवू नको.”

आम्ही हसलो. पण दगड खरंच जिवंत निघाला. आठवड्या-पंधरवड्याने त्यातून नवंच कोणीतरी डोकं काढायचं आणि नवराबायको कामं टाकून पेटीपुढे बसायची. शंखात राहणारा खेकडा, कालवं, बोट लावताच मिटणारं समुद्रफूल गोदू लगेच ओळखायची. जे ओळखू येत नसे त्याला सासरचं नाव. सावली पडली की नळीत शिरणारा एक किडा होता, तो कामाच्या वेळी गायब होणारा दादूमामा. सगळं उकरत फिरणारी गोगलगाय म्हणजे सासूबाई, पण हे फक्त माझ्या कानात.

मग श्रावण आला. आगरी घरात श्रावणात मासळी चुलीवर चढत नाही. आणि नेमके त्याच वर्षी गोदूला दिवस गेलेले. विहिरीवर ती सखूबाईसमोरच म्हणाली, “आय, कशावर वासनाच नाय. सुक्या बोंबलाचा नुसता वास तरी मिळाया पायजे.” आम्ही सगळ्या हसलो.

त्याच आठवड्यात पेटीतला एक मासा नाहीसा झाला. मग दुसरा. मेलेला तरंगला नाही, खाली पडला नाही, काटासुद्धा नाही. मांजर म्हणावं तर पेटीवर जाळी होती. सखूबाई चुलीतली राख चाळून माशाचे काटे शोधत होती हे मी डोळ्यांनी पाहिलं.

“पोटुशी बाई, जीभ नाय आवरली,” ती म्हणाली. “पन शरावनात? देवाची तरी भीती?”

“मी नाय खाल्लं,” गोदू म्हणाली. “पोटातल्या पोराची आण.”

तुळशीराम काय म्हणाला ते आठवलं की माझं आजही डोकं फिरतं. तो ओरडला नाही. समजूत घातल्यासारखा म्हणाला, “खाल्लंस तर खाल्लं म्हन ना. मी काय बोलनार नाय तुला.”

गोदूने लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि भर पावसात बेलपाड्याची वाट धरली. मी दारात उभी होते.

दोन दिवसांनी आणखी एक मासा गेला. घरात गोदू नव्हती.

तुळशीरामने दगड उचलून घमेल्यात ठेवला. पाणी निथळलं, दगड सुकू लागला आणि आतून काहीतरी सरपटत बाहेर आलं. येतच राहिलं. सखूबाई “साप, साप!” करून ओरडली. साप नव्हता. हातभर लांबीचा किडा, दोन्ही अंगांना पायांची झालर, तोंडाशी सांडशीसारखे जबडे. इतके महिने तो त्या दगडात राहत होता आणि आम्ही रोज त्याच्यासमोर बसून हसत होतो!

किडा बरणीत घालून तुळशीराम तसाच बेलपाड्याला धावला. मीही मागे गेले. गोदू अंगणात तांदूळ निवडत होती.

“ह्यानं खाल्ले गं मासे,” तो म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं.

तिने बरणी हातात घेतली, उलटीपालटी करून किडा बघितला. “ह्यो कदी दिसला नव्हता आपल्याला,” म्हणाली. मग बरणी परत दिली. “किड्यानं सांगितलं तवा पटलं तुमाला. मी सांगत व्हते तवा नाय.”

बाळंतपण होईपर्यंत ती आली नाही. मुलगी घेऊन आली तेव्हा पेटी मोडलेली होती. काचा तसबिरींना गेल्या होत्या. संसार नीट केला तिने. सासूचं दुखणं काढलं, मुलांची लग्नं केली, घरात मासळी तर अशी रांधायची की वासाने आमची पोरं तिकडे पळत. स्वतः मात्र त्या घरात तिने मासळीला तोंड लावलं नाही. आगऱ्याची लेक, आणि भात खायची मिरचीच्या ठेच्याशी.

सखूबाई अंथरुणाला खिळली त्या वर्षी माघात मी त्यांच्याकडे जेवायला होते. म्हातारीने आपल्या ताटातली तळलेली तुकडी उचलून गोदूच्या ताटात ठेवली. “खा गं माजे बाय,” म्हणाली. “आता तरी खा.”

गोदूने तुकडी अलगद उचलली आणि परत सासूच्या ताटात ठेवली.

“नको आय,” ती म्हणाली. “माजा शरावन अजून चालू हाय.”