बाजूला सरका, घराचा फोटो काढायचाय!

फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, निगेटिव्ह डब्यात राहते आणि किस्से मात्र डोक्यात साठत जातात. घरांचे, इमारतींचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे तर जरा जास्तच साठतात, कारण त्याच्या कामात बोलायला कुणी नसतं. लग्नाच्या फोटोग्राफरला निदान पंगतीत पाट मिळतो. मला लोक घराची किल्ली देतात आणि निघून जातात! म्हणून आज तुम्ही तावडीत सापडलात तर ऐकाच.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या, बंगले, क्वार्टर्स, जिकडे बघावं तिकडे बांधकाम. आर्किटेक्ट, इंजिनियर, ठेकेदार, सगळ्यांना फोटो हवे. मी नांदेडचा स्टुडिओ भावाच्या गळ्यात घातला आणि ट्रायपॉड खांद्यावर टाकून लातूरला आलो. पाऊस मात्र आला नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही आलं तर आलं. मी एका गोदामावरच्या खोलीत राहायचो. बायको, सुमन, नांदेडलाच होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिचं म्हणणं एकच होतं. "राहण्यासारखं एक घर बघा. त्याच दिवशी बदलीचा अर्ज टाकते."

दर शनिवारी मी एसटीनं नांदेडला जायचो आणि ती दारातच विचारायची, "मिळालं?" दिवसाला दोन-दोन घरं आतून-बाहेरून बघणारा माणूस मी, आणि दोन वर्षं मला त्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही!

\*

आमच्या धंद्याचा पहिला नियम म्हणजे माणसं बाहेर काढायची. आर्किटेक्टला घर रिकामं हवं असतं. भिंत दिसली पाहिजे, जिना दिसला पाहिजे, जिन्यावर बसलेले काका दिसता कामा नयेत.

औशाला एका आडत्याचा नवा बंगला होता. मी कॅमेरा लावून वर बघतो तर घरातली अकरा माणसं नवे कपडे घालून, केस चोपडून पायऱ्यांवर उभी! मी नेहमीचं वाक्य म्हणालो, "जरा बाजूला सरका, घराचा फोटो काढायचाय."

कुणी हललं नाही. मी समजावलं, "काका, फोटो घराचा आहे हो."

आडत्या शांतपणे म्हणाला, "मंग आमी कुणाचे हाव?"

दोन फोटो काढले. रिकामा आर्किटेक्टनं नेला, भरलेला आडत्यानं. माझ्या डब्यात मी भरलेल्याची निगेटिव्ह वर ठेवली.

\*

चाकूरला एक सरकारी इमारत होती. समोरून झकास पिवळा रंग, खिडक्यांना हिरवा. मला वाटलं, मागून उजेड चांगला आहे, तिकडून एक काढावा. मागे गेलो तर नुसत्या विटा! प्लास्टरसुद्धा नाही.

ठेकेदार धावत आला. "तिकडून काढू नका, साहेब!"

"अहो, पण ही बाजू कधी होणार?"

"ती कशाला करायची? मंत्री समोरून येणार हायेत!"

दुपारचा डबा मात्र मी त्या विटांना टेकूनच खाल्ला. सावली तिकडेच होती.

\*

आता नायगावचं ऐका. हा किस्सा मी सुमनला सांगितला तेव्हा ती हसली नव्हती.

घराच्या आत उजेड कमी असतो, म्हणून शटर अर्धा-अर्धा मिनिट उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात जो हालत राहतो, तो फोटोत उमटतच नाही. जो बसून राहतो तोच दिसतो. ही युक्ती मी फार वापरायचो. घरातली माणसं बाहेर जायला तयार नसली की म्हणायचं, "तुम्ही तुमची कामं करत राहा!" झालं, घर आपोआप रिकामं!

नायगावच्या त्या घरात मालक खुर्चीत पेपर वाचत बसला होता. त्याला उठवायची माझी हिंमत झाली नाही. त्याची बायको स्वयंपाकघर ते ओसरी अशा फेऱ्या मारत होती. धान्य आणलं, सूप आणलं, सासऱ्याला पाणी दिलं. पुढच्या आठवड्यात मी फोटो घेऊन गेलो. मालक खुर्चीसकट अगदी ठळक आला होता. बाईनं फोटो उजेडात धरून निरखून पाहिला.

"ह्यात मी कुटं हाव?"

मी जरा चाचरतच सांगितलं, "ताई, तुम्ही काम करत होतात ना, म्हणून दिसत नाही."

फोटो परत देत ती म्हणाली, "ते तर रोजचंच हाय."

\*

अजून एक युक्ती होती. फोटोच्या आधी अंगणातल्या फरशीवर पाणी मारायचं. ओली फरशी चमकते, इमारत तिच्यात उलटी दिसते, मोठा थाट येतो! ही युक्ती मी पुण्याच्या एका फोटोग्राफरकडून शिकलो होतो. तिथं पाणी होतं.

लातुरात एका नव्या विश्रामगृहाचं काम होतं. सवयीनं मी इंजिनियरला बोलून गेलो, "दोन बादल्या पाणी मिळालं तर बरं होईल." इंजिनियर उत्साही माणूस, त्यानं टँकरच बोलावला आणि स्वतः चहाला गेला! टँकर आत आला आणि त्याच्यामागून शेजारच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन आल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही, गुपचूप रांगेत उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं पाइप फरशीवर सोडला.

रांगेतली पहिली बाई मला म्हणाली, "साहेब, फरशीला तहान लागली का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाइप ड्रायव्हरच्या हातातून घेतला आणि तिच्या घागरीत धरला. टँकर संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो.

फोटो बघून इंजिनियर हिरमुसला. "चमक काही आली नाही हो."

"फिल्म खराब निघाली," मी म्हणालो.

\*

हा किस्सा मी फारसा सांगत नाही. लातुरातच एका रिटायर्ड हेडक्लार्कनं नवं घर बांधलं होतं. वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता. अंगणात बोअर, बोअरला पाणी! फोटो काढता काढता माझं लक्ष वरच्या खोल्यांकडे. इथं सुमनची शिलाई मशीन, इथं पुस्तकं, गॅलरीत तुळस नाही पण मोगरा, असं मनात मांडूनसुद्धा टाकलं. फोटो झकास आला. गृहस्थ खूश.

मी भाड्याचं विचारलं. ते म्हणाले, "तुमच्यासारखा सज्जन भाडेकरू कुठं मिळणार! आडनाव काय म्हणालात?"

मी आडनाव सांगितलं. नंतर कळून बोलाचाली नको म्हणून आम्ही बौद्ध आहोत हेही सांगितलं.

त्यांनी बोअरचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाले, "अरे, विसरलोच! वरचा मजला पुतण्यासाठी ठेवलाय."

वर्षभर तो मजला रिकामा होता. मी काढलेला फोटो मात्र त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावला! नकार मिळाला त्या शनिवारी सुमननं दारात विचारलं, "मिळालं?" मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी एसटीतून परत येताना मला फार एकटं वाटलं.

\*

आणि आता शेवटचा.

जिल्हा परिषदेच्या नव्या क्वार्टर्सचे फोटो काढायचे होते. अर्धी चाळ वाटून झाली होती, अर्ध्या घरांना कुलपं. इंजिनियर म्हणाला, "रिकामी घरं नकोत. साहेब विचारतात, बांधली कशाला? कोणीतरी राहतंय असं दिसू द्या."

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणा इंजिनियरनं फोटोत माणूस मागितला! मी सुमनला कार्ड टाकलं. रविवारी ती स्टोव्ह, चार भांडी आणि दोन साड्या घेऊन आली. आल्या आल्या पदर खोचून घर झाडलं. दोरीवर साड्या टाकल्या, चहा ठेवला. मी कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात शिरलो. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, पण मला ते घर सुलटंच वाटलं. कापडाखाली मी गरजेपेक्षा जास्त वेळ थांबलो. डोळे पुसायचे होते.

तेवढ्यात दारात शेजारीण आली. उदगीरकडची, डोक्यावर पदर, हातात वाटी.

"नवीन आलाव का?"

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी कापडातच. मग ती म्हणाली, "हो."

"लई बरं झालं, बाई! ही लाइन निसती सुनी सुनी वाटायली होती. मंगळवारी पाणी येतंय, दुपारच्याला. ध्यान ठिवा. ही घ्या, जवसाची चटणी."

वाटी ठेवून ती गेली. आडनाव विचारलं नाही.

चारला इंजिनियरनं कुलूप लावलं. आम्ही स्टोव्ह, भांडी, साड्या बांधून एसटी स्टँडवर आलो, तेव्हा लक्षात आलं की वाटी पिशवीतच आहे.

"दे, मी उद्या नेऊन देतो," मी म्हणालो.

"रिकामी? दुसऱ्याची वाटी रिकामी देतात का?" सुमन वाटी घेऊन नांदेडला गेली.

पुढच्या शनिवारी मी निघायच्या तयारीत होतो, तर सुमनच खोलीच्या दारात! न बोलावता लातूरला आलेली ती पहिल्यांदा. हातात तीच वाटी, शेंगदाण्याच्या लाडवांनी भरलेली, वर रुमाल बांधलेला. आम्ही चाळीत गेलो. आपण इथं राहत नाही, हे शेजारणीला कसं सांगायचं, ते मी वाटेत तीन प्रकारांनी जुळवून ठेवलं होतं.

आमच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीनं तिचं दार उघडलं आणि सुमनला बघून कमरेवर हात ठेवले.

"कुटं गेल्ताव हो आठ दिस? मंगळवारी पाणी येऊन गेलं की! तुमी न्हाई म्हणून म्या तुमच्यासाटी एक हंडा भरून ठिवलाय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात सुमननं लाडवांची वाटी तिच्या हातात दिली. आत जाऊन हंडा कमरेवर घेतला, एक थेंब न सांडता बाहेर आली, मला म्हणाली "चला, बदलीचा अर्ज टाकते," आणि कुलूप लावलेल्या त्या दाराकडे चालायला लागली.