धुतलेली धूळ

धूळमास्तर काही खरे मास्तर नव्हते. हवामान कचेरीत ते मदतनीस होते, म्हणजे साहेबांनी सांगायचं आणि यांनी जिने चढायचे. पण बोलायला लागले की समोरच्याला वर्गात बसवून टाकायचे, म्हणून आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बायकांनी त्यांना हे नाव ठेवलं. तोंडावर नुसतं मास्तर म्हणायचो. माझं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. चौथीला दोनदा बसले, तेव्हा पाचवी झाली असं मी आपली धरून चालते. त्या दवाखान्यात मी एकवीस वर्षं झाडलोट केली.

मास्तरांविषयी लिहायचं पुष्कळ दिवस मनात होतं. पण त्यांच्याविषयी लिहायचं म्हणजे माझ्याविषयीही लिहावं लागतं, आणि तिथे हात आखडतो.

उंच, किडकिडीत माणूस. खांद्याला कापडी पिशवी, पॅन्टचे पाय सायकलच्या साखळीत अडकू नयेत म्हणून चिमट्यांनी आवळलेले. ते चिमटे काढायचे विसरून तसेच दिवसभर हिंडायचे. गावातल्या पाच उंच गच्च्यांवर त्यांनी सामान मांडलं होतं, त्यातली एक आमची. एका खांबावर वाऱ्याने गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, आणि शेजारी पत्र्याचं पसरट तबक. तबकात काचेच्या गोट्या, पोरं खेळतात तशाच, दोन थर. तबकाखाली नळी आणि नळीखाली बाटली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मास्तर वर जायचे, तासभर काहीतरी खुडबुड करायचे आणि बाटल्या भरून खाली उतरायचे.

पहिल्याच वेळी मी विचारलं, "मास्तर, या वयात गोट्या?"

"खेळगडी मिळत नाही, म्हणून उन्हात ठेवल्यात," ते म्हणाले, आणि विषय तिथेच राहिला. पुढे मी विचारलं नाही. आपलं अज्ञान कशाला चार लोकांत मांडा.

खाली आले की बादल्या ठेवायच्या खोलीत आमच्याबरोबर चहा घ्यायचे आणि मग धुळीचं पुराण सुरू व्हायचं.

"वाळवंटात वारा सुटला की जाड रेती फार वर जात नाही," ते सांगायचे. "ती बेडकासारख्या उड्या मारत पुढे सरकते. पण पडता पडता खालच्या बारीक धुळीला धक्का देते, आणि ती उठते. पिठाहून बारीक. एकदा डोंगराच्या वर गेली की तिला अडवणार कोण? पाच-सहा दिवसांत समुद्र ओलांडून दुसऱ्या मुलखात."

"विनातिकीट," आमच्या मुकादम बाई म्हणायच्या. आम्हा सहा जणींवर त्यांची देखरेख होती आणि त्यांना कुणाचं कौतुक सहन होत नसे.

"विनातिकीट. पण रिकाम्या हाताने नाही जात बाई. तिच्यात लोह असतं. समुद्रात पडली की डोळ्यांना न दिसणारी झाडं त्यावर वाढतात, त्यांच्यावर मासे जगतात. जंगलात पडली तर खत. बर्फावर पडली तर बर्फ मळकट होतो, ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. छातीत गेली तर खोकला."

"आणि डोळ्यांत गेली तर?"

"तर तुमच्या दवाखान्याचा धंदा."

जिला मी जन्मभर सुपलीत भरून उकिरड्यावर टाकत आले, ती एवढी फिरून आलेली असते हे ऐकून मला उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं. घरी जाऊन आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुझ्या मास्तरांना म्हणावं, आमच्या माळ्यावर या. तिथे सगळी वाळवंटं मुक्कामाला आहेत."

आता माझं कर्तृत्व सांगते. मुकादम बाई दर सोमवारी इमारतभर फिरायच्या आणि पांढरा रुमाल कुठेही फिरवून बघायच्या. खिडकीची चौकट, दाराची वरची कड, काहीही. रुमाल काळा झाला की सगळ्यांसमोर तो फडकवायच्या. माझ्या वाट्याला तिसरा मजला आणि गच्ची होती, आणि माझ्या नावाने तो रुमाल कधी फडकला नव्हता. सामान मांडलं त्या पहिल्याच महिन्यात, एका शनिवारी गच्ची झाडताना बघितलं, तर गोट्या चिखलाच्या रंगाच्या झालेल्या. म्हटलं, एवढा भला माणूस, आणि सोमवारी येऊन बघणार काय, तर त्याच्या वस्तूवर ही घाण. धूळ मोजायचं यंत्र म्हणजे त्या गरगरणाऱ्या वाट्या, अशी माझी पक्की समजूत होती. गोट्या कशाला, तर तबक वाऱ्याने उडू नये म्हणून वजनाला.

बादली भरली. एकेक गोटी साबणाने घासली, दोन पाण्यांतून काढली, फडक्याने पुसली. तबक लख्ख केलं. बाटलीला मात्र हात लावला नाही, कारण तिच्यावर कचेरीचा शिक्का होता. गोट्या पुन्हा जशाच्या तशा रचल्या, आणि धुतलेलं पाणी गच्चीच्या मोरीत ओतलं.

सोमवारी मास्तर खाली आले ते म्हणाले, "तुमची गच्ची फार स्वच्छ आहे हो." ते वाक्य मला महिनाभर पुरलं. मग दर महिन्याला, त्यांच्या येण्याआधीच्या शनिवारी, मी हेच करत राहिले. चार वर्षं. कुणाला सांगितलं नाही. न सांगता केलेल्या कामाची एक वेगळीच ऐट असते.

चार वर्षांनी एकदा मास्तर सोमवार नसताना आले. हातात कागदाची गुंडाळी. बादल्यांच्या खोलीत माझ्यापुढे ती उलगडली. कागदावर पाच उभे पट्टे काढलेले, चार उंच आणि एक आखूड.

"हा आखूड पट्टा म्हणजे तुम्ही," ते म्हणाले.

"मी एवढी बुटकी?"

"तुमची गच्ची. बाकी चारांवर जेवढी धूळ पडते, तिचा पाचवा हिस्सासुद्धा इथे पडत नाही. का? तर मागची टेकडी. वारा टेकडीवरून येतो आणि या इमारतीच्या वरून निसटून पुढे जातो. हे आजवर कुणी बघितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात सगळ्या कचेऱ्यांची मोठी सभा आहे, तिथे मला हे मांडायला बोलावलंय. मला. अठ्ठावीस वर्षं त्या सभेत मी खुर्च्या मांडतोय. बायकोने कोट शिवायला टाकलाय."

एवढा आनंदी माणूस मी दवाखान्यात तरी पाहिला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "त्या वाट्या बरोबर मोजतात ना पण?"

"वाट्या वाऱ्याचा वेग सांगतात. धूळ गोट्यांत असते," ते हसले. "उघड्या ताटात धूळ पडली तर पुढचा वारा उचलून नेतो. गोट्यांच्या फटीत शिरली की निघत नाही. महिन्याने मी शुद्ध पाण्याने गोट्या विसळतो, ते पाणी आटवतो आणि तळाशी उरेल ते तोलतो. पावसाने धुऊन बाटलीत उतरलेलं धरून. एवढीच विद्या."

माझ्या हातातला फरशीचा बोळा टपटप गळत होता. मी तो पिळत राहिले, पाणी संपलं तरी.

तिथेच बोलायला हवं होतं. सभेला आठवडा होता. पण मुकादम बाई दारात उभ्या, आणि परक्याच्या सामानाला हात लावला म्हणून आमच्यातल्या एकीला त्यांनी मागच्याच महिन्यात काढून टाकलं होतं. शिवाय तो कोट. मी म्हटलं, "छान झालं हो मास्तर."

आणि याहून वाईट पुढे आहे. सभेच्या आधीच्या शनिवारी मी गोट्या परत धुतल्या. आता सगळं माहीत असून धुतल्या. धुतल्या नाहीत तर सोमवारी भरपूर धूळ निघेल, मास्तर बुचकळ्यात पडतील आणि विचारत विचारत माझ्यापर्यंत येतील, ही भीती. एकेक गोटी घासताना कुणाचा तरी खिसा कापल्यासारखं वाटत होतं, तरी हात थांबला नाही.

सभेत टाळ्या पडल्या. मोठ्या साहेबांना गोष्ट इतकी आवडली की त्यांनी स्वतःची दोन माणसं आणि एक यंत्र आमच्या गच्चीवर पाठवलं. गच्चीच्या दाराला त्यांचं कुलूप लागलं. दोन महिने मला वर जाता आलं नाही, आणि दोन महिने आमच्या गच्चीवर इतर चार गच्च्यांएवढीच धूळ पडली. त्यांच्या यंत्रातही आणि मास्तरांच्या गोट्यांतही.

निष्कर्ष असा निघाला की मदतनिसाने चार वर्षं काम नीट केलं नाही. मास्तरांना गच्च्यांवरून काढून सामानाच्या कोठारात बसवलं. तबक न्यायला आले तेव्हा मी जिन्यात होते.

"टेकडी खोटी बोलली का मास्तर?" मुकादम बाईंनी विचारलं.

"टेकडी कशाला बोलेल. माझेच हात," ते म्हणाले, आणि दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. "कुठे सांडत होतो, कळत नाही. कदाचित तोलताना."

मी भिंतीला लागून त्यांना वाट दिली. तेवढंच दिलं.

दीड वर्ष गेलं. एकदा उन्हाळ्यात सलग तीन दिवस आभाळ हळदीच्या पाण्यासारखं झालं होतं. सूर्याकडे भरदुपारी उघड्या डोळ्यांनी बघता यायचं. वाळवंटातली धूळ आली आहे, असं लोकही आता म्हणायला शिकले होते. दवाखान्यात बाकांवर जागा नव्हती, ज्याचे त्याचे डोळे लाल. त्या रांगेत मास्तर बसलेले दिसले. पायाला चिमटे नव्हते. सायकल सुटली होती.

मुकादम बाई जाता जाता म्हणाल्या, "मास्तर, डोळ्यांतली काढून तोलून ठेवा हो."

बाकावरची दोन-चार माणसं हसली. सगळ्यांना ती हकिगत ठाऊक होती. आणि मास्तरही हसले, त्यांच्याबरोबर, मान हलवून. त्यांना हसताना बघून मला कुठे तोंड लपवू असं झालं.

नर्सने त्यांच्या डोळ्यांत औषध घालून डोळे मिटून बसायला सांगितलं. बाक रिकामं होत गेलं. मी बादली घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांना दिसत नव्हतं, म्हणूनच माझी हिंमत झाली.

"मास्तर, तुमचे हात ठीक होते. गोट्या मी धुवायची."

"कोण? तिसऱ्या मजल्याच्या बाई ना?"

"हो. तुम्ही यायच्या आधीच्या शनिवारी. साबणाने."

मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "दर महिन्याला?"

"दर महिन्याला. मधे मनगट मोडलं होतं, हात दोन महिने प्लास्टरमध्ये होता, तेव्हा नाही. सभेच्या आधल्या वर्षी, थंडीचे दोन महिने."

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि चोरी माझी असून पकडले ते गेल्यासारखे दिसायला लागले.

"त्या दोन महिन्यांत धूळ चांगली पडली होती," ते हळूच म्हणाले. "इतरांएवढीच. मी ते आकडे खोडले. म्हटलं बाटली आधी नीट धुतली नसेल, बाहेरचं काही पडलं असेल. चित्र इतकं छान जमून आलं होतं. त्या दोन महिन्यांनी ते बिघडत होतं. सभेत दाखवलेच नाहीत."

"कुणाला माहीत आहे?"

"आता तुम्हाला." औषधाचं पाणी त्यांच्या गालावरून ओघळत होतं, ते पुसत नव्हते. "तुम्ही गोट्या धुतल्या, मी वही धुतली. मी उद्या दहाला साहेबांकडे जाऊन माझं सांगतो. तुमचं तुम्ही बघा."

घरी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुझी. तो माणूस तुझं नाव घेणार नाही. गप्प बस." दुसऱ्या दिवशी दहाला मी कचेरीच्या फाटकाशी उभी होते. शूर होते म्हणून नाही. घरी बसवेना म्हणून.

साहेबांच्या खोलीत मास्तर आधी बोलले. आपण दोन महिन्यांचे आकडे लपवले एवढंच सांगितलं, उभ्याने, शाळेतल्या मुलासारखं. साहेब वैतागले. "ते ठीक आहे, पण मुळात बाकीच्या महिन्यांत धूळ कमी का येत होती?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही."

माझ्यापायी त्यांनी हा दुसऱ्यांदा कमीपणा घेतला, आणि या वेळी मला तो घेऊ देववला नाही. मी सगळं सांगितलं, बादली, साबण, सभेआधीचा शनिवार. शेजारच्या टेबलावरचा कारकून हसू दाबत होता. साहेबांनी फक्त विचारलं, "चार वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही, या गोट्या कशाला म्हणून?"



मला दवाखान्यातून काढलं नाही. तिसरा मजला आणि गच्ची मात्र काढून घेतली, तळमजला दिला. मास्तरांना शेवटचं एक वर्ष गच्च्या परत मिळाल्या. सोमवारी यायचे, चहा घ्यायचे, माझी विचारपूस करायचे, पण धुळीच्या गोष्टी पूर्वीसारख्या रंगायच्या नाहीत. निवृत्तीनंतर चार वर्षांत गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोने कपाटातून तो कोट काढून दाखवला. तिला माहीत होतं की नाही, हे विचारायला माझी जीभ उचलली नाही.

कचेरीच्या वह्या अजून आहेत म्हणे. चार गच्च्यांच्या रकान्यांत महिन्यामहिन्याची धूळ लिहिलेली आहे. आमच्या गच्चीच्या रकान्यात त्या चार वर्षांवर आडवी रेघ आहे, फक्त ते थंडीचे दोन महिने शिल्लक ठेवलेत. बाकीची धूळ समुद्र ओलांडून आमच्यापर्यंत आली होती. ती किती होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ती मी मोरीत ओतली.