दुष्काळात पाझरणारा दगड

भूत, बाधा, करणी... असल्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की मीच पहिली हसायचे. तरीही हे लिहितेय, कारण हे माझ्यासमोर घडलंय आणि ज्यांनी ते माझ्याबरोबर पाहिलं त्यांच्यापैकी आता कुणीच उरलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहायचो, विणकरांच्या वस्तीत. दोन खोल्या, पुढच्या खोलीत अप्पांचा माग. घरात तेलुगू, बाहेर मराठी. नळाला दोन-तीन दिवसांनी करंगळीएवढी धार यायची आणि त्यासाठीसुद्धा पहाटेपासून घागरींची रांग. मी बी.एस्सी.ला होते, भूगर्भशास्त्र घेऊन. वर्गात मी एकटीच मुलगी.

त्या वर्षी संक्रांतीनंतर अम्माचे थोरले भाऊ, नरसय्यामामा, आमच्याकडे राहायला आले. आंध्रात गोदावरीच्या पट्ट्यातल्या एका कोळशाच्या खाणीत त्यांनी वीस वर्षं काम केलं होतं. खाण बंद पडली, हळूहळू गावही रिकामं झालं. लग्न केलेलं नव्हतं. बहिणीकडे आले आणि अप्पांना मागासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायला लागले. फार कमी बोलायचे.

त्यांची एक पत्र्याची ट्रंक होती. एकदा मी होते तेव्हा त्यांनी ती उघडली आणि मी जागच्या जागी उडाले! आत धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेले दगड. सुयांसारखं जिप्सम, दुधाळ कॅल्साइट, खाणीबाहेरच्या जळत्या कचऱ्याच्या ढिगावरून खरवडून आणलेला पिवळाधम्मक गंधक. आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे काळा बेसाल्ट — कोळशाच्या खाणीतली खनिजं मी फक्त पुस्तकात पाहिलेली.

“मामा, कॉलेजला नेऊ? सर कपाटात मांडतील.”

“ने की. मला काय करायचेत?”

फक्त एक दगड त्यांनी बाजूला काढला. मुठीएवढा, पापुद्र्यापापुद्र्यांचा काळा शेल, मधोमध पायराइटचा सोनेरी पट्टा. सगळ्यांत देखणा तोच.

“हा नको, लक्ष्मी. हा माझा नाही. सांबय्याचा आहे.”

कोण सांबय्या, मी विचारलं नाही. दोन दिवसांनी मामा नळावर गेले असताना मी तो दगड पिशवीत टाकला. सरांना दाखवून परत आणीन, असं मनाशी म्हटलं... पण सरांना तो इतका आवडला की त्यांनी इनॅमलच्या ट्रेमध्ये ठेवून काचेच्या कपाटात मांडला आणि किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचे शिपाई भानुदासकाका मला दारातच भेटले. माढ्याकडचे, साधेसुधे.

“ताई, त्या ट्रेमदी पानी कुनी वतलं? हितं प्यायला थेंब न्हाय, अन् दगडाला कशाला पानी?”

ट्रेमध्ये खरंच बोटभर पाणी होतं. काळसर.

सर हसले. म्हणाले, पायराइट खराब झालं की त्यावर क्षार धरतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात. मलाही ते पटलं. पण त्या उन्हाळ्यात हवा अशी कोरडी होती की बोलताना ओठ फुटायचे. ओलावा आणायचा कुठून? सरांनी दगड ओव्हनमध्ये वाळवला, वजन केलं, परत ठेवला. सकाळी ट्रे निम्मा भरलेला. परत वजन केलं — तेवढंच. त्या पाण्यात निळा लिटमस घातला, तर लालभडक झाला. खाणीतलं पाणी असंच आम्लधर्मी असतं. सर एवढंच म्हणाले, “चमत्कारिक आहे.” त्या दिवशी ते हसले नाहीत.

मग आला शनिवार.

दुपारचा एक वाजला होता. मुलं जेवायला गेलेली. मी एकटी वही पूर्ण करत बसले होते. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. आधी वास आला... कुजट, ओल्या मातीचा, गंधकाचा. मग आवाज.

ठक. ठक. ठक.

थोडा वेळ शांतता. परत, ठक. ठक. ठक.

मला वाटलं, भानुदासकाका काही दुरुस्त करताहेत. मान वर केली. आवाज कपाटातून येत होता. मी जवळ गेले — का गेले, देव जाणे! ट्रे काठोकाठ भरला होता आणि प्रत्येक ठोक्याला पाण्यावर वलय उठत होतं. दगड हलत नव्हता. ठोके पाण्याच्या खालून येत होते. जेमतेम चार बोटं खोल ट्रे... पण माझ्या कानांना ते फार फार खोलवरून ऐकू येत होते.

मी मागे सरले, आणि तेव्हा काच दिसली. काचेवर कोळशाच्या चिखलाने माखलेली चार बोटं उमटली होती. वरून खाली घसरत आलेली.

मी किंचाळले का, आठवत नाही. चपला तिथेच टाकून तापलेल्या डांबरावरून घरापर्यंत पळाले, एवढं आठवतं. तळपाय भाजलेले मला रात्री कळले.

आमच्या दारात गर्दी होती.

अम्मा छाती बडवत होती. मामा कांड्या भरता भरता आडवे झाले होते. डोळे पांढरे, आणि तोंडातून पाणी येत होतं. काळं पाणी! अप्पांनी त्यांना कुशीवर वळवलं की भळभळ बाहेर पडायचं, परत तोंड भरायचं. बुडणारा माणूस करतो तसे ते हात वर करत होते... कोरड्या फरशीवर.

“घरात घोटभर पाणी नाही हो!” अम्मा डॉक्टरांना सांगत होती. “सकाळपासून घागर पालथी आहे. कुठलं पाणी प्यायला हा?”

डॉक्टरांनी पाठ दाबली, इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने श्वास नीट सुरू झाला. डॉक्टर जाताना अप्पांना म्हणाले, “पाण्यातून काढलेल्या माणसासारखी छाती वाजतेय.”

मामांनी डोळे उघडले ते माझ्याकडे बघत.

“दगड कुठाय?”

मी रडतच सांगितलं. ते रागावले नाहीत.

“तीन ठोके ऐकलेस?”

ठोक्यांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“त्या दिवशी पाळी माझी होती,” मामा म्हणाले. “अंगात ताप होता, म्हणून माझ्या जागी सांबय्या उतरला. जाताना हा दगड हातात दिला. म्हणाला, धर, दुपारी परत दे, पोरीला दाखवायचाय. शेजारच्या जुन्या बोगद्यातलं पाणी फुटलं. बाकीचे वर आले, तो राहिला. आम्ही वरून पाइपाला कान लावून बसलो होतो. तीन ठोके, थांबायचा, तीन ठोके. दुपारपर्यंत वाजवत होता. मग बंद झालं... त्याच्या बायकोला मी तोंड दाखवलं नाही. दगडही दिला नाही.”

रविवारी सकाळी अप्पा माझ्याबरोबर कॉलेजवर आले. भानुदासकाका सरांकडून किल्ली घेऊन थांबले होते. काच स्वच्छ होती.

“काका, तुम्ही पुसलीत?”

“व्हय. बाहीरनं पुसली तर निघंना की.” त्यांचा आवाज बारीक झाला. “आतनं पुसावी लागली, ताई. बोटं आतनं उमटली व्हती.”

अप्पांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी भानुदासकाकांनीच दगड उचलला. “लई गार हाय,” म्हणाले, आणि लहान मुलाशी बोलावं तसं त्या दगडाला म्हणाले, “चल बाबा. तुला घरी न्हेत्यात.”

मामांना धड उभं राहवत नव्हतं, तरी अप्पा, मामा आणि मी निघालो. वाडी जंक्शनला गाडी बदलली. मामांनी वाटेत घोटभरही पाणी घेतलं नाही. घशात येतंय म्हणायचे. मांडीवरचं गाठोडं भिजत होतं आणि समोरचे प्रवासी सरकून बसत होते.

खाणीच्या गावात चाळींची दारं निघालेली होती. एका टोकाला राजव्वा, सांबय्याची बायको, मुलीला घेऊन राहत होती. मामांनी दगड तिच्यापुढे जमिनीवर ठेवला.

“त्यानं धरायला दिला होता. दुपारी परत दे म्हणाला होता.”

तिने दगडाकडे पाहिलं, मग मामांकडे.

“त्या दिवशी पाळी तुझी होती.”

“हो.”

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. पण आली. हातात पाण्याचा पेला होता. मामांच्या समोर धरला आणि म्हणाली, “पी.”

मामा हमसून हमसून रडायला लागले. मग दोन्ही हातांनी पेला धरून सगळं पाणी प्यायले. ते पाणी पोटात राहिलं.

पुढे मामा बरीच वर्षं जगले. तो त्रास परत कधी झाला नाही. मी पायराइटचा धडा वर्षानुवर्षं शिकवला, हवेतला ओलावा वगैरे सगळं सांगितलं, आणि दर वेळी फळ्याकडे तोंड करून सांगितलं. ते पाणी कुठून आलं, मामांच्या छातीत कसं शिरलं, मला माहीत नाही. आणि एक प्रश्न अजून सुटत नाही — मी तो दगड चोरला म्हणून सांबय्या खवळला, की मी चोरून नेला म्हणूनच त्याला एकदाची वाट मिळाली? मामांना विचारायचं कितीदा ठरवलं. धीर झाला नाही.