जीपच्या खिडकीची काच

वेस्ट विंडसरला घेतलेल्या माझ्या जुन्या जीपचे दोन्ही बाजूंचे पत्रे गंजले होते. खिडक्यांसाठी जागा कापलेले नवे पत्रे मीच बसवले, पण काच काही केल्या बसेना. शेजारचे काका, निवृत्त सर्जन, ड्राइव्हवेवर उभे राहून माझी झटापट बघत होते.

ते घरातून दोरी घेऊन आले. काचेभोवतीच्या रबराच्या खाचेत त्यांनी ती घातली, साबणाचं पाणी लावलं आणि दोरीची टोकं आत घेऊन ते गाडीत शिरले.

"तू बाहेरून नुसती दाबून धर. घाई करू नकोस."

ते आतून दोरी हळूहळू ओढत गेले, तसं रबर पत्र्याच्या कडेवर चढलं आणि काच चपखल बसली. मी आनंदाने ओरडलोच.

"हं, आता दुसरी बाजू," काका म्हणाले. काकू जेवायला हाका मारत होत्या. काकांनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं.