अंगातला करंट

वीज खात्यात मी एकतीस वर्षं लाईनमन होतो. या नोकरीनं एक गोष्ट माझ्या हाडीमासी मुरवली होती. तारेला चिकटलेल्या माणसाला उघड्या हातानं शिवायचं नाही, आधी सप्लाय बंद करायचा, ते जमत नसेल तर वाळक्या लाकडानं ढकलायचं. आमच्यातला एकजण हे विसरून दुसऱ्याला सोडवायला गेला आणि दोघेही खांबाखाली पडले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बेळगुंदीत विजेचं काहीही निघालं की लोक मलाच विचारायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारीच वळीव आला. माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा अण्णा, वैनी आणि मी शेतावरच्या गोठ्यात थांबलो होतो. मी नेहमीसारखा शहाणपणा पाजळत होतो. चिंचेखाली जाऊ नका, कुंपणाच्या तारेला टेकू नका, गडगडाट थांबला तरी अर्धा तास बाहेर पडायचं नाही. खात्यानं पेन्शन दिली पण तोंड काही बंद केलं नाही, असं अण्णा हसत म्हणाला. तेवढ्यात गवताच्या गंजीवरची ताडपत्री वाऱ्यानं उचलली. वर्षाची वैरण भिजताना बघून तो थांबतोय थोडाच. मी ओरडेपर्यंत तो गंजीपाशी पोचलाही होता.

गंजीजवळच्या चिंचेवर वीज पडली. डोळ्यांपुढची अंधारी गेली तेव्हा अण्णा चिखलात उताणा दिसला.

वैनी धावल्या. मी त्यांचा दंड घट्ट धरला.

"हात लावू नगा, वैनी. आंगात करंट असंल."

त्यांनी सुटायची धडपड केली, पण मी सोडलं नाही. शेजारच्या रानातली माणसं आली, त्यांनाही मीच लांब उभं केलं. गोठ्यातून वाळका बांबू शोधून आणला, रबरी चपला घातल्या, बांबूनं अण्णाला हलवून बघितलं. सगळं अगदी नियमानं केलं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्याच्या छातीला कुणाचा हात लागला नाही.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मला एकट्याला बाजूला घेतलं. वीज क्षणात निघून जाते, माणसाच्या अंगात काही राहत नाही, त्याला शिवायला भ्यायचं कारण नसतं, असं त्या म्हणाल्या. हृदय थांबतं. तिथल्या तिथं छाती दाबायला घेतली असती तर कदाचित ते सुरू झालं असतं. कदाचित हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. मला त्यानं काडीचा धीर आला नाही.

दिवसकार्याला येईल त्याला वैनी सांगायच्या की भावजींनी मला धरलं म्हणून मी तरी वाचले. मी मान खाली घालून ऐकायचो. पुढेही दोन वर्षं ऐकत राहिलो. तोंड उघडायची माझ्यात हिंमत नव्हती, एवढंच त्याचं कारण.

यंदा वळवाच्या आधी आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी देवळाच्या हॉलमध्ये बायकांना गोळा केलं आणि विजेबद्दल चार शब्द सांगायला मला बोलावलं. छाती कशी दाबायची ते दाखवायला त्यांनी भुसा भरलेलं पोतं जमिनीवर ठेवलं होतं. वैनी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. झाडाचं, तारेचं, मोबाईलवरच्या इशाऱ्याचं सांगून झालं.

"वीज पडलेल्या माणसाच्या आंगात करंट नसतोय," मी म्हणालो. "लगेच हात लावायचा. मला ठावं नव्हतं. मी वैनींना आडवलं. न्हाय तर अण्णा कदाचित असता."

मला वाटलं, वैनी उठून घरी जातील. त्या उठल्या, पण पुढे येऊन पोत्यापाशी गुडघ्यांवर बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. हात नेमके कुठं ठेवायचे आणि किती वेळ दाबायचं, ते आशाताईंना विचारलं. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, असं आशाताई म्हणाल्या.

वैनी दाबू लागल्या. पदर घसरला, पोत्याची शिवण उसवून भुसा बाहेर यायला लागला. बाकीच्या बायका खोळंबल्या होत्या. आशाताईंनी वैनींच्या खांद्यावर हात ठेवला आणि आता बास करा म्हणाल्या.

"गाडी कुठं आलीया अजून?" वैनी म्हणाल्या आणि दाबतच राहिल्या.