पितराचं ताट

सर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांनी जेवणघरात खुनाचा तपास सुरू केला. तपास हा त्यांचाच शब्द.

अमरावतीच्या बाहेर, जिथे यायला ऑटोवाले परतीच्या सवारीवरून कुरकुर करतात, तिथे निवृत्त लोकांची ही वसाहत आहे. प्रत्येकाला एक खोली, समोर व्हरांडा, आणि सगळ्यांना मिळून एक जेवणघर. माझी आत्या तेव्हा तीन वर्षांपासून तिथे राहत होती. वकीलसाहेब म्हणजे निवृत्त सरकारी वकील. वाचनालयातल्या रहस्यकथा त्यांनी दोन-दोनदा वाचल्या होत्या आणि वसाहतीत काहीही हरवलं की ते चौकशी हाती घेत. एकदा एका आजींची कवळी त्यांनी फ्रिजमधून शोधून काढली होती. सगळे त्यांना हसत आणि गरज पडली की त्यांच्याकडेच जात.

"डॉक्टरांनी नैसर्गिक मृत्यू लिहून दिलाय, साहेब," मॅनेजर म्हणाले.

"हृदय बंद पडलं असं लिहिलंय. हृदय फाशी दिलेल्याचंही बंद पडतं. काहून बंद पडलं, हा प्रश्न आहे."

"तुमचं हृदय बंद पडलं तरी तोंड चालूच राहीन," शेजारच्या टेबलावरून सिस्टर म्हणाल्या. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. थोडं हसू झालं, पण ते लगेच विरलं, कारण सरांचा मुलगा पलीकडच्या खोलीत वडिलांच्या वस्तू बांधत होता.

सर गणिताचे शिक्षक होते. आत्याच्या खोलीसमोरच त्यांची खोली. मंगळवारी आणि शुक्रवारी ते ऑटोनं डायलिसिसला जात. त्यांचं ताट जेवणघरात वेगळं लागे, पाणीसुद्धा मोजून. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते जेवायला आलेच नव्हते. भूक नाही, असा त्यांनी निरोप दिला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. त्यांना आंघोळ घालण्याआधी कपडे उतरवताना वकीलसाहेबांना झब्ब्याच्या बाहीवर पिवळा डाग दिसला. त्यांनी वास घेऊन पाहिला. आमरस.

"किडनीच्या माणसाले आंबा म्हणजे विष," सिस्टर हळू म्हणाल्या. "डायलिसिसच्या आदल्या दिवशी तं पाहायचंच नाही."

"मग तो त्यांना दिला कोणी?" वकीलसाहेबांनी विचारलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात स्वयंपाकाच्या मावशी उभ्या होत्या.

मला माहीत होतं कोणी दिला. मी आत्याच्या शेजारी बसून चहाच्या कपावरची साय चमच्यानं बाजूला करत होते.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितर जेवायला बसवतात. घरातला जो माणूस गेला असेल त्याच्या जागी कुणालातरी बोलावून पाटावर बसवायचं. तेवढा वेळ तो पाहुणा नसतो, गेलेला माणूसच असतो. त्याच्यासमोर पाण्याची घागर भरून ठेवायची, पाया पडायचं आणि पोटभर वाढायचं. वर्षाचा पहिला आंबा त्याच्या ताटात पडल्याशिवाय घरात कुणी आंबा खात नाही. पितरानं नको म्हणायचं नसतं.

काका, म्हणजे आत्याचे यजमान, गेले तेव्हापासून आत्यानं हे कधी चुकवलं नव्हतं. घर विकून वसाहतीत आल्यावरही नाही. तिच्या मुलानं परदेशातून फोनवर सांगितलं होतं, "आई, कुठेतरी अन्नदानाचे पैसे पाठवून दे ना. तेच ते." आत्या त्याला हो म्हणाली आणि नंतर तिनं मला फोन केला.

खोलीत बाहेरचं जेवण आणून पंगत मांडायची नाही, असा वसाहतीचा नियम आहे. म्हणून आत्यानं कुणालाच सांगितलं नाही. मी चार दिवसांची सुट्टी काढून अकोल्याहून आखाजीच्या आदल्या दिवशीच आले. आईनं केलेल्या पुरणपोळ्या, कुरडया, भजी आणि कढीचा डबा होता, आणि पिशवीत दीड डझन आंबे. रस आत्यानं खोलीतच स्वतःच्या हातानं काढला. काकांचे अमरावतीतले एक चुलतभाऊ पितर म्हणून यायचे होते. आखाजीला दुपारी बारा वाजता त्यांचा फोन आला. घरात लग्न आहे, उन्हाचा ऑटोही मिळत नाही, माफ करा वहिनी.

आत्या फोन हातात धरून तशीच उभी राहिली. ताट वाढलेलं होतं. घागर भरलेली होती. तिनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. दार उघडं होतं आणि समोरच्या व्हरांड्यात सर खुर्चीत बसून पंख्यानं वारा घेत होते.

"सर," ती म्हणाली, "जरा इकडे येता का?"

ते आले, पाट आणि घागर पाहिली आणि सगळं समजले. त्यांच्याही घरी हे होत असणार. पाटावर बसायला त्यांना त्रास झाला, मी हात दिला. आत्यानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. वाटीत रस वाढताना त्यांनी वाटीवर हात धरला.

"सर, पितर नाही म्हनत नाही," आत्या म्हणाली.

त्यांनी हात काढला. पहिली वाटी त्यांनी हळूहळू खाल्ली, दुसरी भराभर. तिसरी आत्यानं न विचारताच वाढली. काकांना रस फार आवडायचा. मी त्या वेळी आत्याचा चेहरा पाहत होते. तिला सरांचं दुखणं माहीत होतं, ऑटोचे वारही पाठ होते. पण पाटावर बसलेल्या माणसाला कसलं दुखणं? सकाळपासून तिनं सोवळं पाळलं होतं, दिशा पाहिली होती, ताटातलं कुठलं वाढप कुठे तेही तपासलं होतं. एवढं एकच तिच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. मला तर आंबा त्यांना चालत नाही हेच माहीत नव्हतं.

उठताना सर म्हणाले, "चार वर्षांनी खाल्ला." बस, तेवढंच.

रसानं ते गेले की जाणारच होते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. सिस्टरांनाही खात्री नव्हती. पण वकीलसाहेबांना होती, आणि मावशींच्या विरुद्ध त्यांच्याकडे पुरावे होते. मावशी चांदूर रेल्वे गावाहून रोज गाडीनं येत आणि वसाहतीचा स्वयंपाक करत. आखाजीला जेवणघरातही रस होता. सर जेवायला आले नव्हते म्हणजे खोलीत काहीतरी पोचलं असणार. आणि दोन महिन्यांपूर्वी सरांच्या ताटात लोणच्याची फोड सापडली होती. तेव्हा मावशींनी कबूल केलं होतं की त्यांनीच दिली, सरांचं तोंड बेचव झालं होतं म्हणून.

"मी नाही देल्ला," मावशी म्हणाल्या. एकदाच.

"लोणचं कुणी दिलं होतं?"

"लोनचं मीच देल्लं होतं."

"बघा," वकीलसाहेब सगळ्यांना म्हणाले.

मॅनेजर वाईट माणूस नव्हते. ते टेबलाकडे पाहत म्हणाले की लोकांचा विश्वास उडाला तर त्यांचाही नाइलाज आहे, मावशींनी उद्यापासून येऊ नये.

आत्यानं पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी मनात हिशेब केला, आणि तो हिशेब मी कितीतरी वेळा परत केला आहे. खरं सांगितलं तर आत्याला या माणसांत राहायचं आहे, रोज दोन वेळा याच टेबलांवर जेवायचं आहे. तिला दुसरं घर नाही. मला संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला जायचं आहे. चार माणसांत बोलायचं मला जमत नाही. वाढदिवसाचं गाणं म्हणतानाही मी फक्त ओठ हलवते. तरी मी उभी राहिले.

"मी दिला," मी म्हणाले. "मी अकोल्याहून आंबे आणले होते. सर व्हरांड्यात बसले होते. मी त्यांना रस नेऊन दिला. मला माहीत नव्हतं."

सिस्टर उठून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "इंग्रजी शाळेत शिकलेली पोरगी," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "हिले काय ठाऊक पथ्यपानी. पुस्तकातलंच समजते यायले."

"हेतू नाही, म्हणजे गुन्हा नाही," वकीलसाहेब म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता. त्यांनी मावशींपुढे हात जोडले. मॅनेजरही काहीतरी पुटपुटले. मावशी आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला.

इतक्या सहज मला माफ केलं जाईल असं वाटलं नव्हतं. मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले.

"तू नाही देल्ला," मावशी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या.

मी नळाखाली कप धरला.

"आत्याच्या खोलीतून पितराचं ताट आलं होतं. पानाशेजारी काढलेला घास होता, रसाची वाटी होती. घासलं कोनं? म्याच ना."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"मले चांदुरात कुठीबी काम भेटते. आत्याबाई या वयात कुठी जातीन?" त्यांनी माझ्या हातातला कप घेतला. "जा आता. गाडी चुकन तुयी."

गाडीला अजून खूप वेळ होता. बाहेर सरांचा मुलगा खोलीला कुलूप लावत होता. कुणीतरी त्याला सांगितलं असावं. तो माझ्यासमोर थांबला आणि मी इंग्रजी शाळेतली म्हणून असेल, मला म्हणाला, "इट्स ओके." मग पायऱ्या उतरून गेला. मला त्याला सांगायचं होतं की त्यांनी आधी वाटीवर हात धरला होता. आणि हेही, की दुसरी वाटी त्यांनी भराभर खाल्ली. यातलं कुठलं सांगणं बरं, ते मला ठरवता आलं नाही.

आत्या खोलीत पलंगावर बसली होती. मी बॅग भरायला लागले.

"तू खोटं काहून बोलली?"

"तुला त्रास नको म्हणून."

"मी मगापासून वाट पाहून राहिली होती," ती म्हणाली. "वकीलसाहेब माह्याकडं बोट दाखवतीन असं वाटलं. एवढी पुस्तकं वाचतात, त्यायले समोर बसलेली बाई दिसली नाही. मग तू उठली. मले वाटलं, हे पोरगी आता सांगते. सुटली मी."

"तू स्वतः का नाही बोललीस?"

"जीभच उठे ना वं." मग म्हणाली, "तुह्यानंतर उठनारच होती. पन त्या सिस्टरनं तुले जवळ घेतलं. आता मी सांगतलं तं तू खोटी ठरशीन साऱ्यांत."

"ठरू दे ना, आत्या. आत्ता जाऊन सांगू आपण."

"नको. मावशीचं काम राहिलं ना? बस." आणि तिनं मला डब्याची झाकणं नीट मोजून दिली.

याला दोन वर्षं होतील. मी महिन्यातून एकदा जाते. वसाहतीतली माणसं माझ्याशी फार चांगलं वागतात, आधीपेक्षा जास्त. वकीलसाहेब मला वाचायला पुस्तकं देतात. "अकोल्याची पोरगी आली, आंबे झाका," असं सिस्टर एकदा उन्हाळ्यात म्हणाल्या आणि मग स्वतःच डोळे पुसू लागल्या. आत्यानं पितर बसवणं बंद केलं आहे. मुलाला सांगून ती आखाजीला अन्नदानाचे पैसे पाठवते. समोरच्या खोलीत आता पोस्टातून निवृत्त झालेले एक काका राहतात.

मागच्या महिन्यात मी आत्याबरोबर जेवायला बसले होते. त्या पोस्टातल्या काकांनी विचारलं, आपल्या खोलीत आधी कोण होतं, कशानं गेले. टेबलावर सगळे माझ्याकडे पाहायचं टाळू लागले. मावशी पोळ्यांचा डबा घेऊन उभ्याच राहिल्या.

आत्यानं घास खाली ठेवला.

"माह्या भाचीनं त्यायले आंब्याचा रस देल्ला होता," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, जणू हे तिनं अनेकदा सांगितलं असावं. "पोरगी लहान होती. तिले माहीत नव्हतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि मावशींनी आत्याच्या ताटात पोळी वाढली.